कागद बघू आधी : मादागास्करचं कासव, बेशाचा पत्ता

प्रश्न : नमस्कार काकू. मी ३१ वर्षांचा आहे, नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत काम करतो, राहायला बेशाला. दोन वर्षांपासून मला ‘रेडिएटेड टॉर्टॉइज’ पाळायचं वेड लागलं आहे. मादागास्करचं कासव, काळ्या पाठीवर पिवळे किरण असतात ते. गच्ची मोठी आहे, आईचा विरोध नाही. जर्मनीतला एक ब्रीडर स्वतःकडे जन्मलेली जोडी ३,००० युरोला द्यायला तयार आहे. इकडे व्हॉट्सॲपवर एक जण तशीच जोडी २ लाख ४० हजारांत ‘पेपरसकट होम डिलिव्हरी’ देतो म्हणतो. त्यानं पेपरचा फोटो पाठवलाय, सोबत जोडला आहे. यातला सरळ मार्ग कोणता? आणि सगळं धरून खर्च किती येईल?
एक वाचक, बेसा

उत्तर : बाबा रे, पत्रावरून तू माझ्या भाच्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. फोटो जोडलास हे फार छान केलंस. सदराचं नावच ‘कागद बघू आधी’ आहे आणि लोक कागद सोडून बाकी सगळं पाठवतात. मागच्या महिन्यात एका ताईंनी मलेशियाहून मागवलेल्या सोफ्याचे अकरा फोटो पाठवले, बिल एकही नाही.

तर आधी तुझा कागद. वर सिंहमुद्रा, खाली ठळक अक्षरांत ‘व्हॉलंटरी डिस्क्लोजर’, मध्ये कुणा गृहस्थाचं नाव आणि भलत्याच राज्यातला पत्ता. कासवाच्या शास्त्रीय नावातलं एक अक्षर गळलेलं. संख्या एक जोडी. तारीख १४ जुलै २०२२. ती तारीख मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं जून २०२० मध्ये एक सूचना काढली होती. ज्यांच्या घरी परदेशी जातीचे प्राणी आहेत त्यांनी स्वतःहून जाहीर करावं, मुदतीत जाहीर करणाऱ्याला आणले कुठून याचे कागद विचारणार नाही, अशी. सवलत मुदतीपुरती होती आणि २०२२ च्या जुलैपर्यंत ती केव्हाच संपली होती. तुझ्या माणसानं खिडकी बंद झाल्यावर तिकीट काढलंय.

बरं, घटकाभर धरू की कागद खरा आहे. तरी तो सांगतो एवढंच, की त्या दिवशी त्या गृहस्थाकडे ती जोडी होती. तुझ्याकडे ती कशी आली याबद्दल तो मुका आहे. त्यानंतर पुलाखालून बरंच पाणी गेलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ मध्ये सुधारला, सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कायद्यात परदेशी जातींसाठी अख्खं नवं प्रकरण आलं. त्याखालचे नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. ज्यांच्याकडे असे जिवंत प्राणी होते त्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले. आता नव्यानं ताबा आला तर ३० दिवसांत नोंद. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं कळवायचं. तेव्हा त्या विक्रेत्याला एकच ओळ पाठव : ‘परिवेशवरचं नोंदणी प्रमाणपत्र तुमच्या नावाचं पाठवा.’ माझा अंदाज सांगू? तो तुला ब्लॉक करेल. केलं तर २ लाख ४० हजार वाचले म्हणून कोपऱ्यावर तर्री पोहे खा.

आता जर्मनीचा मार्ग. हा बेकायदा नाही, पण सरळही नाही. माझी २९ वर्षं मुंबईत सहारच्या एअर कार्गोत कस्टम ब्रोकरकडे गेली. कारकुनीपासून जी कार्डापर्यंत. (जी कार्ड म्हणजे कस्टम ब्रोकरच्या माणसाची परीक्षा पास झाल्याचं ओळखपत्र. त्या काळी आमच्या शेडमध्ये ते गळ्यात घालून फिरणाऱ्या बायका दोन. एक मी आणि दुसरी माझ्यावर जळणारी.) त्यामुळे रस्ता मला शेवटापासून पाठ आहे, पण तुला सुरुवातीपासून सांगते.

सुरुवात तुझ्या घरापासून सहा-सात मैलांवर होते. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्यासाठी नागपूरची फाइल धरावी लागते, तुला नुसती सिटी बस. त्यांचं ना हरकत पत्र हवं. ते जोडून विदेश व्यापार महासंचालनालयाकडे आयात परवान्याचा अर्ज, कारण सरपटणारे जिवंत प्राणी आपल्या आयात धोरणात ‘प्रतिबंधित’ गटात आहेत. प्रतिबंधित म्हणजे बंदी नव्हे, परवान्याशिवाय नाही. मग सायटीसचे परवाने. मग दिल्लीच्या पशुसंवर्धन खात्याचा स्वच्छता आयात परवाना, ज्याला आम्ही ‘सिप’ म्हणतो. मग विमान.

यातल्या सायटीसपाशी थांबावं लागेल, कारण तुझं कासव तिथेच अडणार आहे. सायटीस हा धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५ पासून लागू, आपण १९७६ मध्ये त्यात आलो. त्याची तीन परिशिष्टं आहेत. जमिनीवरच्या कासवांचं कुळच्या कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि जी जास्त संकटात ती पहिल्यात. रेडिएटेड पहिल्यात, अगदी १९७५ पासून. दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्याला निघणाऱ्या देशाचा निर्यात परवाना हा सायटीसचा मुख्य कागद. पहिल्यातल्याला दोन लागतात आणि त्यांत आपल्याकडचा आयात परवाना आधी. तो देताना शास्त्रीय प्राधिकरणाची खात्री पटावी लागते की ठेवणाऱ्याकडे जागा, सोय आणि माहिती आहे. शिवाय हेतू मुख्यतः व्यापारी नसावा. ‘गच्ची मोठी आहे, आईचा विरोध नाही’ हे या रकान्यात चालेल का, तूच बघ.

पिंजऱ्यात जन्मलेल्याला सवलत आहे, नाही असं नाही. परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे रानातलं, ‘सी’ म्हणजे बंदिस्त पैदाशीचं, ‘डी’ म्हणजे पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याची सायटीसच्या सचिवालयाकडे नोंदलेल्या केंद्रात व्यापारासाठी केलेली पैदास. आणि ‘एफ’ हे खट्याळ अक्षर, म्हणजे जन्मलं पिंजऱ्यात, पण बंदिस्त पैदाशीच्या व्याख्येत बसत नाही. तुझ्या जर्मन माणसाला विचार, तुमच्या परवान्यावर कोणतं अक्षर येणार? उत्तर द्यायला तो जितका वेळ घेईल त्यावरून तुला बरंच कळेल. एका हौशी माणसासाठी पहिल्या परिशिष्टातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचा पूर्ण संच झालेला मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. प्राणिसंग्रहालयांचे पाहिले, तेही अर्धा-पाऊण वर्ष रेंगाळलेले.

आणि कागद एकामागून एक मिळत गेले तरी अडचण संपत नाही, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. सायटीसचा निर्यात परवाना सहा महिने चालतो. आयातीचा बारा महिने. परदेशात आगाऊ पैसे पाठवलेस तर बँकेच्या नियमानं माल सहा महिन्यांत देशात यायला हवा आणि त्याचा पुरावा म्हणून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टममध्ये भरलेला कागद, बँकेत द्यायला हवं. म्हणजे ‘सिप’ची एक शंका निघाली, तिकडे थंडीमुळे विमान कंपनीनं जिवंत माल घेणं थांबवलं, की एक घड्याळ संपतं. ते नवं करून येईपर्यंत दुसरं संपतं. लग्नात भटजी, घोडा आणि नवरा एकाच वेळी मांडवात आणणं सोपं म्हणायचं.

हे सगळं जमलं असं समज. विमान आपल्या सोनेगाव विमानतळावर उतरवता येणार नाही. जिवंत प्राण्यांची आयात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर याच ठिकाणांहून होते, कारण पशू विलगीकरण केंद्रं तिथेच. तुझी पेटी मुंबईला उतरणार. पेटीही घरी खिळे ठोकलेली चालत नाही. विमान वाहतूक संघटनेचे जिवंत प्राण्यांसाठीचे नियम आहेत : हवेची भोकं, एकावर एक कासव नको, बाजूला बाण, वर जिवंत प्राण्याचा ठसा. पेटी चुकीची निघाली तर विमान कंपनी ती घेणारच नाही. मग विलगीकरण. मग नागपूरपर्यंतचा प्रवास, आणि एसी गाडीवाल्याला समजावणं, की मागे साप नाही.

आता तुझा खर्चाचा प्रश्न. एकरकमी आकडा मी सांगणार नाही. सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. पण पैसे कुठे कुठे जातात ते सांगते. आपल्याकडे शुल्क नुसत्या कासवाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि भाडं मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागतं. बिल ऑफ एंट्री भरताना हा हिशोब मी इतक्यांदा केलाय की झोपेतही करेन. त्यात एकच नियम तुझ्या बाजूचा आहे. माल विमानानं आला, तर शुल्कासाठी भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. ३,००० युरोच्या जोडीला भाडं २,००० युरो पडलं तरी हिशोबात ६०० च. विम्याचा आकडा नसला तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. बाकीचं शुल्काबाहेरचं, आणि खरी टोचणी तिथेच. कस्टम ब्रोकरची फी, मालगोदामाचं भाडं, तपासणीला लागलेले दिवस आणि त्या दिवसांचं डॅमरेज. डॅमरेज म्हणजे मोकळे दिवस संपले की चढणारं गोदामभाडं. स्टीलचे नट-बोल्ट गोदामात पंधरा दिवस पडले तर डॅमरेज भरून सुटतात. कासव पडून राहिलं तर डॅमरेज भरूनही जिवंत मिळेल याची हमी नाही आणि मेलेल्या कासवाचे पैसे कुणी परत देत नाही.

परवाना नाकारला गेला, तर जर्मनीत भरलेली आगाऊ रक्कम परत मिळेल का, हे त्याच्याकडून आधी लेखी घे. आणि तो ब्रीडर खरा आहे का, हेही आधी बघ. त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त मास्तरांनी मागे मकाव पोपटासाठी परदेशातल्या ‘फार्म’ला पंधरा हजार पाठवले. मग पोपटाच्या हवाबंद पेटीसाठी बावीस हजार. मग ‘दिल्ली विमानतळावरून कस्टम अधिकारी बोलतोय’ असा फोन, तीस हजार. हवाबंद पेटीत पोपट श्वास कुठून घेणार हे मास्तरांच्या लक्षात तिसऱ्या हप्त्यानंतर आलं. मला येऊन म्हणाले, ‘काय सांगू बाई, आवाज अगदी अधिकाऱ्यासारखा होता.’ अधिकाऱ्याचा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे. तो फोन करत नाही, तो नोटीस पाठवतो.

तू म्हणशील, काकू उगाच घाबरवतात. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. नव्वदीच्या दशकात सिंगापूरला जिवंत खेकडे जायचे, वेताच्या टोपल्यांत, वर ओलं गोणपाट. फाइल आमची नव्हती, शेजारच्या टेबलाची, पण वजनकाटा एकच. एक टोपली काट्यावर ठेवली तेव्हा आवाज वेगळा आला. खेकड्यांची चुळबुळ ओली आणि सतत असते. हे खर्र, थांबलं, पुन्हा खर्र. इन्स्पेक्टरनं गोणपाट काढायला लावलं. वर दोन थर खेकडे, खाली पुरुषांचे मोजे. प्रत्येक मोज्याला गाठ आणि प्रत्येक मोज्यात एक तारा कासव, आपल्याकडचं, पाठीवर चांदण्या असलेलं, पाय आत ढकलून भोवती खाकी चिकटपट्टी. ती काढायला आम्ही नखं वापरली, कात्रीची भीती वाटत होती. मोजायला टेबलावर ओळीनं ठेवली. पंचनामा लिहून चालला होता, तीन प्रती, मध्ये कार्बन. एका कासवानं मान बाहेर काढली, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ कागदावरून चालत गेलं. तिसऱ्या प्रतीवर त्याची नखं उमटली. इन्स्पेक्टर म्हणाला, ‘राहू द्या, पंचाची सही आहे.’ हसलो सगळे. मग खालच्या थरातली काही हलेनात तेव्हा गप्प झालो.

तस्करांना कासव आवडतं कारण ते ओरडत नाही आणि दिवसेंदिवस उपाशी राहतं. त्या काळी आपली बाहेर जायची, आता तिकडचीही इकडे येतात, मोजे तेच. एप्रिल २०१८ मध्ये मादागास्करच्या टोलियारा शहरात एका घरात तुझ्या आवडीची रेडिएटेड कासवं सापडली, सुमारे १० हजार. न्हाणीघरातसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. व्हॉट्सॲपवरची २ लाख ४० हजारांची जोडी कुठून येते, याचं माझं उत्तर हे असं आहे.

आणि सापडल्यावर काय होतं? सायटीसच्या परिशिष्ट एकमधल्या जिवंत प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. वन्यजीव कायद्यात आणखी एक गोष्ट उलटी आहे. ताबा तुझा असेल तर तो बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. तसा नाही, हे दाखवायची जबाबदारी तुझी. ‘मला कागद दिला होता साहेब’ म्हणताना तू तोच २०२२ चा फोटो दाखवणार. कासवं मात्र त्याआधीच बचाव केंद्रात किंवा परतीच्या विमानात. चेन्नई विमानतळावरून प्राणी आले त्याच विमान कंपनीनं बँकॉकला परत पाठवल्याचं तू बातम्यांत वाचलं असशील.

एवढ्यावरही गच्चीचं बघायचंच असेल तर बघ. ही कासवं दक्षिण मादागास्करच्या कोरड्या काटेरी रानातली. आपला मे महिना त्यांना कदाचित परवडेल, सावली मिळाली तर. नागपूरनं २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत आणि सिमेंटच्या गच्चीवर ते आकड्यापेक्षा जास्त लागतात. पण जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि त्याआधी घरभर चालणारा खसचा कूलर, यात कासवाची छाती भरते. आणि वय विचार. टोंगाच्या राजघराण्याकडे एक रेडिएटेड होतं, ते १९६५ मध्ये मेलं. कॅप्टन कुकनं १७७७ मध्ये दिलं होतं अशी कथा सांगतात. कथा निम्मी खरी धरली तरी कासव तुझ्या नातवाच्या नावावर करावं लागेल आणि तेही परिवेशवर कळवून.

व्हॉट्सॲपवाल्याचा नंबर ब्लॉक कर, त्यानं आधी केला नसेल तर. जर्मनवाल्याला ते अक्षर विचार. आणि पैसे पाठवायच्या आधी वनभवनात जाऊन ना हरकत पत्राचा अर्ज दे. उत्तर काय येतं ते मला कळव. सदरासाठी नको, मलाच उत्सुकता आहे.

प्रश्न : ताई, आमच्या सासऱ्यांना १४-१५ वर्षांपूर्वी आंध्रातल्या एका नातेवाइकांनी चांदण्या असलेलं कासव दिलं. घरात लक्ष्मी टिकते म्हणून. सासरे गेल्या दिवाळीत गेले. कासव आहे, मुळा-कोथिंबीर खातं. पोर्टलवर नोंद करून घेता येईल असं शेजारी म्हणतात. वन्यजीव कायद्याच्या ‘अनुसूची चार’मध्ये आहे म्हणे. करू का?
महाल

उत्तर : शेजारी अर्धं बरोबर सांगतात आणि अर्धं बरोबर सगळ्यात धोक्याचं. जुन्या कायद्यात तारा कासव खरंच अनुसूची चारमध्ये होतं. २०२२ च्या सुधारणेत अनुसूच्या नव्यानं मांडल्या. आता अनुसूची चार म्हणजे सायटीसमधल्या जाती, आणि आपलं तारा कासव गेलं पहिल्या अनुसूचीत. आकडा तोच, घर बदललं. पोस्टमननं जुन्या पत्त्यावर पत्र टाकावं तशी ही गडबड नागपुरात किमान चौघांची झालेली मी पाहिली आहे. नाव पहिल्या अनुसूचीत असलं की चौथीतही असो वा नसो, नियम पहिल्याचाच. पोर्टलची नोंद परदेशी जाती बाळगणाऱ्यांसाठी, तुमच्या कासवासाठी नाही. सायटीसमध्येही ते २०१९ च्या जिनिव्हाच्या बैठकीत दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेलं, आणि ते न्यावं म्हणून मागणी करणाऱ्या देशांत आपण होतो.

म्हणजे ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, मुळा-कोथिंबीर कितीही प्रेमानं दिली तरी. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ क्रमांकावर फोन करा. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी आणि पकडलेल्या प्राण्यांवर उपचार तिथे होतात. कोणी काहीच विचारणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. मी वकील नाही आणि तुमच्या ओळखीचा वकील असेल तर फोनआधी त्याच्याशी बोला. पण स्वतःहून फोन केलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांत फरक असतो आणि तो कागदावर उतरतो. सासरे वारल्याचा दाखला, कासव केव्हा आणि कुणाकडून आलं हे आठवेल तसं एका पानावर लिहून ठेवा. नातेवाइकांचं नाव लिहायचं की नाही, हा वकिलाला विचारायचा प्रश्न आहे, मला नको.

एक करू नका. रात्री नेऊन गोरेवाड्याच्या रानात किंवा अंबाझरीच्या काठावर सोडू नका. पंधरा वर्षं घरात वाढलेलं कासव आजार घेऊन जातं आणि देऊन येतं. अंबाझरी तर पाणी. तारा कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. लोक तळ्यात ‘सोडतात’ आणि हात जोडतात, ते बुडतं.

लक्ष्मीबद्दल म्हणाल, तर देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला आपण पाय लावत नाही, बाजूनं जातो. घरी हवंच असेल तर ते आणा. त्याला परवाना लागत नाही. आपले संत कासवीच्या दृष्टीचे दाखले देतात, नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते म्हणून. खरी कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते, वळूनही बघत नाही. ही गोष्ट मला एका पशुवैद्यानं सांगितली तेव्हा मी दोन दिवस त्याच्यावर रागावले होते.

प्रश्न : सीताबर्डीहून मुलीसाठी कानाजवळ लाल पट्टा असलेली दोन छोटी कासवं आणली. तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढी होती, आता बशीएवढी झाली. काचपेटीत मावत नाहीत. फुटाळ्यात सोडावी म्हणतो. तुमचं मत?
एक बाबा, मानेवाडा

उत्तर : सोडू नका. ती अमेरिकेतली रेड-इअर्ड स्लायडर. जगातल्या सगळ्यात उपद्रवी उपऱ्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, कारण जगभरच्या बाबांनी बशीएवढी झाल्यावर ती तळ्यातच सोडली. फुटाळ्यात ती मरणार नाही, तगेल आणि आपल्या पाणकासवांचं अन्न आणि ऊन शेकायच्या जागा बळकावेल. काचपेटीऐवजी मोठं प्लास्टिकचं टब घ्या, इतवारीत धान्यासाठी मिळतं तसं. एका बाजूला विटांचा कोरडा कट्टा, वर दिवसाचं ऊन येईल अशी जागा. फक्त मे महिन्यात टब सावलीत सरकवा. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि मुलीला सांगा, हात लावला की साबणानं धुवायचा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा रोगजंतू असतो.

कासवं घेतल्याची पावती आहे का? नसणारच. दुकानदाराकडे जाऊन मागा तरी. त्याचा चेहरा कसा होतो ते मला लिहून पाठवा.